कौटुंबिक हिंसाचार सोसलेल्या बाईसोबत व्यवसायोपचार: पहिल्या भेटींत काय करायचं

व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार. पहिल्या भेटीत फॉर्म काढू नका. खोलीत नवरा, सासू नको, बोलायला लागलेलं मूलही नको. "तपासणीला पेशंटला एकटंच आत घेतो" हा नियम सगळ्यांनाच लावा, म्हणजे संशय येत नाही. तिची खुर्ची दाराजवळ ठेवा. फोन कोणत्या नंबरवर, किती वाजता करायचा आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय बोलायचं, हे तिलाच ठरवू द्या.

नंतर थेट विचारा: डोकं भिंतीवर आपटलं होतं का? गळा दाबला होता का? नुसतं "मारहाण झाली का" विचारलं तर गळा दाबल्याचं बरेचदा राहूनच जातं. बाहेर वळ नसला तरी मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आहेत, तर आपलं काम थांबवून तिला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवा.

"हल्ली काही लक्षातच राहत नाही" ही तक्रार फार वेळा येते. त्यामागे डोक्याची इजा, अपुरी झोप, सततची भीती, किंवा तिन्ही असू शकतात. दोन कप चहा करायला सांगून नीट बघा: क्रम चुकतो का, मध्येच काही विचारलं तर हातातलं काम सुटतं का, गॅस बंद करायचा राहतो का. पण स्वयंपाकघरातच मार बसत असेल तर हे काम घेऊ नका. कपड्यांच्या घड्या, पिशवी भरणं यातूनही तेच कळतं. मग फोनचा अलार्म, एका वेळी एकच काम आणि 15 मिनिटांनी 5 मिनिटं विश्रांती इथून सुरुवात करा.

ध्येय तिचंच हवं. मदत करणाऱ्या संस्थेनं बरेचदा शिवणकाम आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पण वर्षानुवर्षं जिचा दिवस दुसऱ्यांनीच ठरवला, तिला आपणही तेच करायचं? कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर या मुलाखतीच्या पद्धतीत ती स्वतः अडचणी निवडते आणि ते काम किती जमतं, त्यात किती समाधान आहे, याला 1 ते 10 गुण देते. "मुलीला एकटीनं शाळेत सोडायचंय" म्हणाली, तर तिथूनच सुरुवात.

पैशांच्या व्यवहाराला सर्वांत जास्त वेळ द्या. बरेचदा खातं तिच्या नावावर असतं, पण मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर जातात. आधी 200 रुपयांत भाजी आणून हिशोब लिहिणं, मग स्वतःच्या सिमवर, वेगळ्या बँकेत नवं खातं, मग स्वतः पिन टाकून एटीएम, यूपीआय शेवटी. जुन्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर घाईनं बदलला तर त्याला सुगावा लागू शकतो. फोनचं लोकेशन शेअरिंग अचानक बंद केलं तरी तोच धोका, म्हणून समुपदेशकाशी बोलून वेळ ठरवा. हेल्पलाइनचे 181 आणि 112 हे नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या.

राहत्या घराचा हक्क, पोटगी यासाठी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांशी तिची गाठ घालून द्या. कायदेशीर सल्ला आपण देऊ नका. केसपेपर कोर्टात मागवला जाऊ शकतो. त्यात तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत आणि आपलं निरीक्षण वेगळं लिहा. "उजवी मूठ पूर्ण मिटत नाही, बटण लावता येत नाही" असं लिहिलेलं उपयोगी पडतं. "रुग्ण असहकार्य करते" हे तिच्याच विरोधात वापरलं जाऊ शकतं. ती अजून त्याच घरात राहत असेल तर घरी नेण्याच्या कागदावर फक्त हाताचे व्यायाम असावेत.