बिघाडापासून सुरुवात : नवशिक्यांना रोजच्या तंत्रज्ञानाविषयी इंग्रजीत बोलायला कसे शिकवावे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या वर्गात इंग्रजी संभाषणाचा पहिला तास घेताना शिक्षकाने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. समोर बसलेल्या विद्यार्थ्याकडे तंत्रज्ञानाचे इंग्रजी शब्द भरपूर आहेत. मोबाईल, चार्जर, बॅटरी, रिचार्ज, नेटवर्क, पासवर्ड, मोटर, स्टार्टर हे शब्द त्याच्या घरात आणि शेतात रोज बोलले जातात. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ठिबक सांभाळणाऱ्या माणसाला तर फिल्टर, लॅटरल आणि ड्रिपर हेही कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्याकडे नसतात ती क्रियापदे आणि शब्दांना एकत्र बांधणारी वाक्यरचना. महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरीही दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा ‘माय मोबाईल प्रॉब्लेम’ एवढे बोलून थांबतो, याचे कारण हेच आहे. म्हणून भिंतीवर वस्तूंची चित्रे लावून त्यांची नावे पाठ करून घेण्यात पहिला आठवडा घालवू नये.

सुरुवात बिघाडापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. यंत्र नीट चालत असते तेव्हा त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. बोलण्याची गरज पडते ती ते अडल्यावर, आणि तेव्हा समोरचा माणूस मराठी जाणणारा असेलच असे नाही. भुसावळ जंक्शनवरच्या दुकानात चार्जर घ्यायला उतरलेला बंगाली किंवा मल्याळी प्रवासी, अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी जळगाव स्थानकावर उतरलेला परदेशी पाहुणा, किंवा पुण्याला नोकरीस लागल्यावर कार्यालयातल्या संगणकाची तक्रार ज्याच्याकडे नोंदवायची तो दूरच्या शहरातला तंत्रज्ञ, या प्रसंगांत आपल्या विद्यार्थ्याला दोन-तीन वाक्ये स्वच्छ बोलता आली पाहिजेत. ‘तंत्रज्ञानाचे फायदे-तोटे’ यावर दहा ओळी पाठ म्हणता येणे आणि ही गरज भागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिले तीन साचे

आरंभी तीनच वाक्यसाचे पुरेसे आहेत. पहिला साचा ‘इज नॉट’ आणि त्यापुढे ‘इंग’ लावलेले क्रियापद : ‘माय फोन इज नॉट चार्जिंग’, ‘द मोटर इज नॉट स्टार्टिंग’, ‘द प्रिंटर इज नॉट वर्किंग’. दुसरा साचा ‘देअर इज नो’ : ‘देअर इज नो नेटवर्क’, ‘देअर इज नो पॉवर’. तिसरा ‘आय कान्ट’ : ‘आय कान्ट हिअर यू’, ‘आय कान्ट ओपन धिस फाइल’. प्रत्येक साच्यात विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातल्या वस्तू घालाव्यात. शिक्षकाने दिलेली वाक्ये घोकून घेतली, की मूल मिक्सरऐवजी प्रिंटरविषयी बोलत राहते आणि त्याने प्रिंटर कदाचित पाहिलेलाही नसतो.

पहिला साचा शिकवताना अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या भाषेचा मोठा आधार मिळतो. ‘काय करी ऱ्हायना?’ असे ती दिवसभर एकमेकांना विचारत असतात, आणि या क्षणी चाललेल्या क्रियेसाठी क्रियापदाचे वेगळे रूप त्यांच्या जिभेवर आधीच बसलेले असते. ‘करी ऱ्हायना’ म्हणजे ‘इज डूइंग’ ही जोडी एकदा फळ्यावर मांडली, की चालू वर्तमानकाळाच्या व्याख्येवर वेळ घालवावा लागत नाही. घरची बोली वर्गाबाहेर ठेवण्याची सवय आपल्याकडे फार रुजली आहे, आणि तिच्यामुळे आपण हातातले साधन वाया घालवतो. नंदुरबारकडच्या शाळांत भिली, पावरी किंवा मावची बोलणारी मुले असतात. शिक्षकाला त्या बोली येत नसल्या, तरी ‘तुमच्याकडे हे कसे म्हणतात?’ असे विचारून मुलांकडूनच तशी जोडी काढून घेता येते.

एका क्रियापदाची अनेक क्रियापदे

माझ्या मते खरा वेळ द्यायचा तो येथे. मराठीत आपण पंखा बंद करतो, दार बंद करतो, मोटर बंद करतो, संगणकही बंद करतो. इंग्रजीत मात्र पंखा ‘टर्न ऑफ’ होतो, दार ‘क्लोज’ होते, मोटर ‘स्टॉप’ होते आणि संगणक ‘शट डाउन’ होतो. त्यामुळे ‘क्लोज द फॅन’ आणि ‘ओपन द लाइट’ ही वाक्ये वर्गात हमखास ऐकू येतात. ‘लावणे’ आणि ‘काढणे’ ही क्रियापदे तर याहून अवघड जागी नेतात. फोन लाव, टीव्ही लाव, गाणे लाव, मोबाईल चार्जिंगला लाव या चार आज्ञांना इंग्रजीत अनुक्रमे ‘कॉल’, ‘टर्न ऑन’, ‘प्ले’ आणि ‘प्लग इन’ अशी चार वेगळी क्रियापदे लागतात. फोटो काढणे ‘टेक’, पैसे काढणे ‘विथड्रॉ’, चार्जर काढणे ‘अनप्लग’ आणि सिम काढणे ‘टेक आउट’.

ही सगळी यादी एका दिवशी फळ्यावर लिहिली, तर मुले ती वहीत उतरवून घेतील आणि विसरतील. त्यापेक्षा एका आठवड्याला एकच मराठी क्रियापद घ्यावे आणि त्याची इंग्रजी रूपे प्रत्यक्ष हातांनी करून घ्यावीत. ‘बंद करणे’ घेतले, तर वर्गातला पंखा, दार, शिक्षकाचा मोबाईल आणि त्यातले उघडे ॲप एवढे साहित्य पुरते. शिक्षकाने आज्ञा द्यावी, विद्यार्थ्याने कृती करावी. दोन दिवसांनी आज्ञा देण्याचे काम विद्यार्थ्याकडे सोपवावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ नावाची जी पद्धत मांडली, तिचे सूत्र हेच आहे : ऐकलेल्या आज्ञेला शरीराने प्रतिसाद द्यायचा आणि बोलण्याची घाई करायची नाही. बुजऱ्या मुलांना ही पद्धत विशेष मानवते, कारण पहिले काही दिवस त्यांना तोंड न उघडताही ‘समजले’ हे दाखवता येते.

‘टर्न ऑन’सारख्या क्रियापदात वस्तूचे नाव कोठे घालावे, याचे नियम नवशिक्यांना सांगू नयेत. वस्तूकडे बोट दाखवून ‘टर्न इट ऑन’, ‘टर्न इट ऑफ’, ‘प्लग इट इन’ एवढेच म्हणायला शिकवावे. हे रूप कधी चुकत नाही, आणि त्याचा ताल जिभेवर बसला की पुढची रूपे आपोआप सुचू लागतात.

मोटरीच्या पेटीवरचा पाठ

शेतकरी कुटुंबांतल्या मुलांसाठी मोटरीच्या स्टार्टरची पेटी हे उत्तम साधन आहे. खऱ्या पेटीजवळ मुलांना मुळीच नेऊ नये; जुन्या खोक्यावर हिरवे आणि लाल बटण रंगवावे, वरच्या बाजूला तीन फेजचे तीन दिवे काढावेत. दोन मुलांनी पाठीला पाठ लावून बसावे. एकाच्या समोर खोके असते, आणि दुसरा बाहेरगावी गेलेला शेतमालक असून फोनवर बोलत आहे असे समजायचे. मालक विचारतो, ‘आर ऑल द लाइट्स ऑन?’ खोक्यासमोरचा सांगतो, ‘नो, वन लाइट इज ऑफ.’ मग मालकाने म्हणायचे, ‘डोन्ट स्टार्ट द मोटर. वेट.’ एक फेज नसताना मोटर चालवली तर ती जळू शकते, हे या मुलांना ठाऊकच असते, त्यामुळे ‘डोन्ट’ आणि ‘वेट’ या दोन शब्दांना येथे खरा अर्थ येतो. तिन्ही दिवे लागले की ‘प्रेस द ग्रीन बटन’ आणि त्यानंतर ‘इज द वॉटर कमिंग?’ पाठीला पाठ लावण्याचे कारण असे, की खाणाखुणांचा आधार सुटतो आणि सगळा भार शब्दांवर येतो. फोनवर बोलताना नेमके तेच घडत असते. शहरी वर्गात हाच खेळ वॉशिंग मशीन किंवा वायफायचा राउटर घेऊन खेळता येईल.

आकडे आणि अक्षरे

तक्रार करता आली, तरी पुढे नंबर आणि ईमेल सांगण्याची वेळ आली की गाडी अडते, आणि बहुतेक वर्गांत या भागाकडे दुर्लक्ष होते. मराठीत आपण मोबाईल नंबर बहुधा जोड्यांनी सांगतो : अठ्ठ्याण्णव, बावीस, सत्तर. इंग्रजीत तो एकेक अंक सुटा करून सांगावा लागतो आणि सलग दोन सारखे अंक आले की ‘डबल’ म्हणावे लागते. रोज तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे मनाने रचलेले नंबर एकमेकांना सांगून लिहून घेण्यास द्यावीत. खरे नंबर आणि खरे पासवर्ड वर्गात वापरू नयेत.

अक्षरांत ‘ए’ आणि ‘ई’, ‘जी’ आणि ‘जे’ यांचा घोळ होतो. त्यासाठी गावांची वर्णमाला मुलांकडूनच तयार करून घ्यावी : ए फॉर अमळनेर, बी फॉर भुसावळ, सी फॉर चोपडा, डी फॉर धुळे, ई फॉर एरंडोल, जे फॉर जळगाव, एन फॉर नंदुरबार, आर फॉर रावेर, वाय फॉर यावल. ती त्यांच्या लक्षात राहते. बाहेरच्या माणसाशी बोलताना मात्र दिल्ली, जयपूर, नागपूर अशी सर्वांना माहीत असलेली नावे घ्यावीत, हेही त्याच वेळी सांगावे.

उच्चारांविषयी थोडेच. ‘स्क्रीन’ आणि ‘स्टार्ट’ यांच्याआधी ‘इ’ लावण्याची सवय असेल तर ती आरंभीच मोडावी. बाकीचे उच्चार ऐकत-ऐकत सुधारतात.

पैशांचे बोलणे

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि आता भाजीच्या गाडीवरही त्याचा स्कॅनर असतो, म्हणून प्रौढ विद्यार्थ्यांच्या वर्गात, विशेषतः बचत गटाच्या महिलांसाठी, हा भाग लवकर घ्यावा. ‘कॅन आय पे बाय यूपीआय?’, ‘द पेमेंट फेल्ड’, ‘प्लीज चेक युअर फोन’ ही वाक्ये दुकानात रोज उपयोगी पडतील. त्यांच्याच जोडीला नकाराची वाक्ये शिकवणे मी शिक्षकाचे कर्तव्य मानतो : ‘आय विल नॉट शेअर माय ओटीपी’, ‘आय डोन्ट नीड अ पिन टू रिसीव्ह मनी’. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही माहिती आणि ते ठामपणे सांगणारे वाक्य, दोन्ही एकाच वेळी हाती येतात. समोरचा भराभर इंग्रजी बोलू लागला की माणूस दबून ‘येस, येस’ म्हणत राहतो आणि फसवणारा त्याचाच फायदा घेतो. ‘प्लीज स्पीक स्लोली’ आणि ‘आय विल कॉल यू लेटर’ म्हणून फोन ठेवून देण्याचा सराव वर्गात उभे राहून मोठ्या आवाजात करून घ्यावा. फसवणूक झालीच, तर १९३० या मदतक्रमांकावर विनाविलंब फोन करायचा असतो, हे मात्र मराठीतच सांगावे, म्हणजे त्यात संदिग्धता राहणार नाही.

परीक्षा घ्यायची असेल तर लेखी घेऊ नये. विद्यार्थ्याला एखाद्या बिघाडाचे चित्र द्यावे, तीस सेकंदांत तो बिघाड फोनवर ध्वनिमुद्रित करायला सांगावा आणि ते मुद्रण चित्र न पाहिलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला ऐकवावे. ऐकणाऱ्याला कोणती वस्तू आणि तिचे काय बिघडले हे ओळखता आले, तर पूर्ण गुण द्यावेत, मग ‘द’ किंवा ‘अ’ गळलेले असले तरी चालेल. ओळखता आले नाही, तर ते मुद्रण बोलणाऱ्यालाच पुन्हा ऐकवावे, कोणते क्रियापद राहून गेले ते त्यालाच शोधू द्यावे आणि त्याच तासाला दुसरी संधी द्यावी.