कॉलमवर किती लोड येतो, कच्चा हिशोब

समजा पाथर्डी फाट्याला स्टिल्ट पार्किंग (तळाला नुसत्या कॉलमवरचं मोकळं पार्किंग) अधिक तीन मजले बांधायचेत, मधल्या कॉलमचा लोड काढू. कॉलमच्या चारही बाजूंना पुढच्या कॉलमपर्यंतचं निम्मं अंतर घ्या, स्पॅन ४ आणि ३.५ मीटर असतील तर कॉलमच्या वाट्याला १४ चौरस मीटर. स्लॅब १२५ मिमी म्हणजे ३.१, फिनिशिंग १, लाइव्ह लोड (माणसं, सामान) २, मिळून ६.१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचं वजन), म्हणजे १४ चौरस मीटरला ८६ किलोन्यूटन. आता भिंती, लोक नेमकं इथेच गंडतात! नऊ इंची वीटभिंत बीमखाली २.६ मीटर उंच धरली तर मीटरला १२ किलोन्यूटन, दोन्ही दिशांना मिळून साडेसात मीटरचे (४ अधिक ३.५) झाले ९०, म्हणजे अख्ख्या स्लॅबपेक्षा जास्त. बीम १४, कॉलमचं स्वतःचं वजन ८. मजल्याला २०० धरा.

गच्चीवर भिंती नाहीत पण कोबा जड असतो, ११५ घ्या. तीन मजल्यांचे ६०० धरून एकूण ७१५, सुरक्षिततेसाठी गुणिले १.५ केलं की १०७० किलोन्यूटनच्या आसपास.

कडेच्या कॉलमला एरिया निम्मा येतो म्हणून साइज लगेच निम्मी करू नका, तिथे मोमेंट (कॉलमला वाकवणारा जोर) जास्त असतो. आणि भूकंपाचा हिशोब यात नाहीच, तो स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, ठेकेदाराच्या अंदाजावर नको.