धरणाची सवय समुद्रात नको: होडीतून गळ टाकायला जाताना या चुका टाळा

गंगापूरच्या बॅकवॉटरला रोहू-कटला काढणारा नाशिककर बंदरावर लगेच ओळखू येतो. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याचा पहिला प्रश्न असतो, "निघायचं ना?" धरणावर निघायची वेळ आपण ठरवतो. समुद्रावर ती पाणी ठरवतं, आणि आमची पुढची प्रत्येक चूक हे विसरल्यामुळेच झाली.

रविवार बघितला, तिथी बघितली नाही

जानेवारीतला रविवार होता, सहाही जणांना सुट्टी होती, बोट ठरलेली होती. रात्री बाराला त्र्यंबक रोडने निघालो, जव्हारमार्गे घाट उतरून पालघरच्या किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरात पहाटे साडेचारला हजर. बोट समोरच होती, पण चिखलात एका कुशीवर कललेली. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, शांतपणे म्हणाला, "आज पुनव आहे. आठशिवाय पाणी लागणार नाही."

किनाऱ्यावरच्या पोरासोरांना येणारा हिशेब आम्हा सहा पदवीधरांना येत नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून पहाटे पाचला पाणी तळाला. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या खेपेची वेळ या खेपेला उपयोगाची नाही. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघाच, पण तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

मला विचाराल तर षष्ठीच्या आसपासचा दिवस धरा. भरती पहाटे साडेचारच्या सुमारास, म्हणजे पाचला खाडीतून सुखरूप बाहेर, आणि दुपारी तीनला परतताना पुन्हा पाणी चढलेलं. शिवाय सप्तमी-अष्टमीकडे भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. मग धरणावरचं तुमचं ५० ग्रॅमचं शिसं तळाला टेकतच नाही, दोर तिरका होऊन बोटीच्या मागे वाहत राहतो. आमचा निम्मा दिवस "मासाच नाही" म्हणण्यात गेला. मासे खाली असतीलही, आमचा गळ तिथवर पोचत नव्हता. अशा वेळी वजन वाढवत न्या, तेवढ्याने भागलं नाही तर पाण्याची ओढ मंदावेपर्यंत थांबा. भरती पूर्ण भरली किंवा ओहोटी पूर्ण लागली की थोडा वेळ पाणी उभं राहतं. उधाणाच्या दिवशी गळ तळाला पोचवायची चांगली संधी तेव्हाच.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोणी "नेतो" म्हणाला तर जाऊ नका.

मिसळ खाऊन बोटीत बसलो

मिसळ पहाटे कुठे मिळणार, म्हणून एकाने घरून तर्री डब्यात आणली होती. जागरण, तिखट, वर डिझेलचा धूर. खाडीचं तोंड ओलांडेपर्यंत तिघांना बोट लागली होती. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. ती निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, तीही डॉक्टरांना विचारून, कारण तिने झोप येते. भाकरी-चटणी किंवा साधी इडली खा, उपाशी मात्र राहू नका. बोटीच्या मध्याजवळ बसा, नजर दूर क्षितिजावर ठेवा, मोबाईलमध्ये डोकं घालू नका. उलटी आलीच तर एकट्याने कठड्यावरून वाकू नका, कोणीतरी मागून धरायला हवं. आणि दारू बंदरावर परत आल्यावर.

कणकेचा गोळा आणि उघडा हात

रोहूसाठी मळलेली कणीक इथे चालत नाही. कोळंबी, माकूळ किंवा मांदेली बंदरावरच घ्या, ताजी. सुरमईचे दात नायलॉनचा दोर कात्रीसारखे कापतात, त्यामुळे गळाच्या वर वीतभर पोलादी तार हवी. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोर सुटू देणारा ताण, दोराच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर ठेवा. गळ खडकात अडकला तर दोर हाताला गुंडाळून ओढू नका. बोट लाटेवर वर उठली की दोर बोटात शिरतो.

आमच्या बोटीवरचा पहिला मासा शिंगाळा निघाला. मित्राने रोहू धरतात तसा त्याला मानेमागून गच्च धरला आणि किंचाळला. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. तांडेलाने स्टोव्हवर पाणी तापवलं, आधी स्वतःचा हात घालून बघितला आणि मग याचा हात त्यात बुडवला. उष्णतेने हे विष निकामी होतं. सोसवेल इतकं गरम पाणी, अर्धा ते दीड तास, मग डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. म्हणून गरम पाण्याचा थर्मास सोबत असू द्या. शिंगाळा नि पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) चिमट्याने सोडवायचे, नाहीतर सरळ दोर कापायचा.

"अजून थोडं आत चला"

हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण म्हणतोच. एका इंजिनाच्या लहान बोटीला पंधरा वाव, म्हणजे नव्वद फूट पाणी पुष्कळ खोल. हिवाळ्यात सकाळी समुद्र तेलासारखा असतो, पण दुपारनंतर समुद्रावरून वारा धरतो आणि परतीची वाट उसळते. आधल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. डिझेलचे तीन भाग धरा: जायला एक, यायला एक, उरलेला हात न लावायचा. लाइफ जॅकेट अंगात हवं, आमची सहाच्या सहा फळीखाली दोरीने बांधलेली होती. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, बोट नोंदणीकृत आहे आणि तिला माणसं नेण्याची परवानगी आहे ना, हे आधीच विचारलेलं, आणि कोस्ट गार्डचा १५५४ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये. रेंज जाते, म्हणून बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (वायरलेस) आहे का तेही विचारा.

बर्फात हात आखडला

चार ढोमे, एक हेकरू आणि सात बांगडे एवढी आमची कमाई. थर्माकोलच्या खोक्यात दोन किलो बर्फ टाकून निघालो. जव्हारला चहाला थांबलो तेव्हा झाकण उघडलं, तर बांगडे कोमट लाल पाण्यात तरंगत होते. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे गरम राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही, खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. जितके किलो मासे, निदान तितके किलो बर्फ घ्या. मासे बोटीवरच साफ करा, खोक्याच्या तळाला भोक पाडून पाणी वाहू द्या. रॉड-रील घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत शिरतं.

बांगडे आम्ही वाटेतच पुरून टाकले. त्या रात्री सहाही घरांत नाशिकच्या भद्रकाली बाजारातून आणलेले बांगडे तळले गेले. ते कुठे पकडले, हे अजून तरी कोणी विचारलेलं नाही.