सामाजिक शास्त्रांतील संशोधन अनुदानासाठी प्रस्ताव कसा तयार करावा

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली आयसीएसएसआर, १९६९ साली नवी दिल्लीत स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. या दोघांनी उभारलेली परिषद आजही मराठवाड्यातील किंवा कोकणातील एखाद्या महाविद्यालयात समाजशास्त्र, अर्थशास्त्र वा राज्यशास्त्र शिकवणाऱ्या अनेक प्राध्यापकांना परकी वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या संशोधकाला ज्या माणसांपर्यंत आणि ज्या कागदांपर्यंत सहज पोहोचता येते, तेथे महानगरातील संशोधकाला वर्षभर खपूनही पोहोचता येत नाही. अनेकदा अडतो तो प्रस्ताव, आणि प्रस्ताव लिहिणे ही शिकता येण्यासारखी गोष्ट आहे.

अर्ज कोठे करायचा हे विषयावर ठरते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, शिक्षणशास्त्र अशा विषयांसाठी आयसीएसएसआर, इतिहासासाठी १९७२ साली स्थापन झालेली भारतीय इतिहास संशोधन परिषद आणि तत्त्वज्ञानासाठी १९७७ सालची भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषद, ही मुख्य दारे होत. आयसीएसएसआरचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात जे. पी. नाईक भवनात आहे. चर्चासत्रांसाठी किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयात बसून काम करण्यासाठी लहान साहाय्य हवे असेल, तर तेथे आधी चौकशी करावी. शांतपणे बसून पुस्तक लिहायचे असेल तर सिमल्याच्या राष्ट्रपती निवासातील भारतीय उच्च अध्ययन संस्थेची अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) पाहावी. कलाविषयक संशोधन करणाऱ्यांनी बंगळूरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचा विचार अवश्य करावा, कारण तेथे इंग्रजीखेरीज भारतीय भाषांतूनही प्रस्ताव पाठवता येतो. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था प्रामुख्याने पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. तो मार्ग निराळा असल्याने त्याविषयी येथे लिहीत नाही.

विषय नव्हे, प्रश्न

परीक्षकाच्या पुढे एका बैठकीत अनेक प्रस्ताव असतात. त्यातील बहुतेकांची शीर्षके 'अमुक कामगारांच्या समस्यांचा अभ्यास' अशा साच्याची असतात. ऊसतोडणीचे उदाहरण घेऊ. 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास' हा विषय झाला. त्यातून काय शोधायचे आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते, त्यामुळे पुढील पाने 'सामाजिक स्थिती', 'आर्थिक स्थिती', 'शैक्षणिक स्थिती' अशा सर्वसाधारण मजकुराने भरली जातात. याऐवजी असा प्रश्न मांडून पाहावा: एका हंगामात उचल (मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम) फिटली नाही, तर पुढच्या हंगामात कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला) मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा कंत्राटदार) बदलता येतो का, आणि ते कशावर ठरते? या एका प्रश्नात पाहण्याची गोष्ट ठरते, ती कोणाला विचारायची हे ठरते आणि कधी विचारायची हेही ठरते. उत्तर 'होय' आले किंवा 'नाही' आले, तरी दोन्ही प्रकारे काही नवे कळते. आपल्या प्रश्नाला ही कसोटी लावून पाहावी. ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वेक्षणाआधीच लिहून देता येते, त्याच्यासाठी कोणी पैसे देऊ नयेत.

पूर्वसंशोधनाचा आढावा या प्रश्नाभोवतीच फिरला पाहिजे. चाळीस ग्रंथांची नावे ओळीने देण्यापेक्षा ज्या चार-पाच अभ्यासांशी आपले बोलणे चालू आहे, ते नेमके सांगावेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून दक्षिण गुजरातमधील ऊसतोडणीवर लिहिले आणि तेथे तोडणीला येणारे मजूर खानदेशातले होते. मग बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातून, म्हणजे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांविषयी त्या लेखनातील कोणते निष्कर्ष लागू पडतात आणि कोणते तपासून पाहावे लागतील, असे मांडले की आढावा आपोआप पुढच्या पद्धतीच्या प्रकरणाकडे नेतो.

वेळापत्रक हंगामातून काढावे

प्रस्तावातील सर्वांत कमकुवत पान बहुधा वेळापत्रकाचे असते. 'पहिले तीन महिने साहित्याचा आढावा, पुढील तीन महिने माहिती संकलन' असे कोणत्याही विषयाला चालेल असे वेळापत्रक वाचताच परीक्षकाच्या लक्षात येते की लेखकाने क्षेत्र पाहिलेले नाही. ऊसतोडणीच्या प्रकल्पात पावसाळ्याचे महिने गावात घालवावे लागतात, कारण माणसे तेव्हा घरी असतात आणि उचलीचे व्यवहारही तेव्हाच ठरतात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात कारखान्याजवळच्या तळांवर, कोपीत (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) जाऊन बोलावे लागते. पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळ्या परततात आणि कोणाची उचल फिटली, कोणाची अंगावर राहिली, हे त्यानंतर गावातच कळते. आता समजा, प्रकल्प बारा महिन्यांचा आहे आणि पैसे जानेवारीत हाती आले, तर त्या हंगामातील उचलीचे ठरणे निसटलेले असते आणि तळांवरचा निम्मा काळही गेलेला असतो. म्हणून वेळापत्रकाखाली दोन ओळी जरूर लिहाव्यात: अनुदान जूनच्या आधी मिळाल्यास कामाचा क्रम असा राहील, नंतर मिळाल्यास असा राहील. एवढ्यानेही प्रस्तावाचे वजन वाढते.

इतिहासाच्या प्रकल्पातही हेच असते, फक्त हंगामाच्या जागी दप्तर येते. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरावर काम करायचे असेल, तर मोडी वाचायला लागणारा वेळ छापील मजकुराच्या अनेक पट असतो. आपण स्वतः दिवसाकाठी किती पत्रे वाचून उतरवू शकतो, हे आठवडाभर प्रत्यक्ष बसून मोजावे आणि तोच आकडा प्रस्तावात द्यावा. गोव्यातील विषय असेल तर पणजीच्या पुराभिलेखागारातील पोर्तुगीज कागद कोण वाचणार, याचे उत्तर प्रस्तावातच असावे.

अंदाजपत्रक

अंदाजपत्रक शेवटच्या रात्री भरायची गोष्ट आहे, असा समज मला सर्वत्र आढळतो. तो अतिशय घातक आहे. अनुभवी परीक्षक अनेकदा प्रश्न वाचून झाल्यावर थेट अंदाजपत्रकाकडे जातो, कारण पद्धतीच्या प्रकरणात लिहिलेले काम खरोखर करायचे आहे की नाही, हे तेथे दिसते.

हिशेब असा मांडावा. समजा, २४० कोयत्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. कोयता म्हणजे जोडी असल्यामुळे दोघांशी स्वतंत्र बोलायचे असेल तर मुलाखती ४८० होतात, आणि आपल्या प्रश्नाला स्वतंत्र बोलणे आवश्यक आहे का, हे येथेच ठरवावे लागते. तळावरची माणसे पहाटेपासून फडात असतात, म्हणून एका अन्वेषकाला (मुलाखती घेणाऱ्याला) संध्याकाळी तीनपेक्षा जास्त चांगल्या मुलाखती मिळत नाहीत असे धरले, तर ४८० मुलाखतींना १६० दिवस लागतात. दोन अन्वेषक असतील तर प्रत्येकी ८० दिवस. स्त्रियांशी बोलायला स्त्री अन्वेषक हवी, तिच्या मुक्कामाची आणि रात्रीच्या प्रवासाची सोय हवी, म्हणजे भाड्याच्या वाहनाचा खर्च वाढतो. हा हिशेब करताना बहुतेकांच्या लक्षात येते की नमुना, म्हणजे मुलाखतींसाठी निवडलेल्यांची संख्या, मोठा झाला आहे. तो तेव्हाच कमी करावा. १२० कोयत्यांचा नीट केलेला अभ्यास २४० च्या घाईघाईने केलेल्या अभ्यासापेक्षा परीक्षकाला अधिक विश्वासार्ह वाटतो आणि तो असतोही.

आयसीएसएसआरच्या गेल्या काही वर्षांच्या मार्गदर्शक सूचनांत खर्चाची शीर्षे टक्केवारीने बांधून दिलेली आहेत: संशोधन साहाय्यक आणि इतर कर्मचारी ४५ टक्क्यांपर्यंत, क्षेत्रकार्य ३५ टक्के, उपकरणे आणि अभ्यास साहित्य १० टक्के, आकस्मिक खर्च ५ टक्के आणि अहवालाचे प्रकाशन ५ टक्के. आपण अर्ज करू त्या वर्षीच्या जाहिरातीत ही विभागणी आणि कमाल रक्कम पुन्हा पाहून घ्यावी. या चौकटीचा अर्थ असा की उपकरणांच्या नावाखाली महागडा लॅपटॉप बसत नाही आणि बसवूही नये. मोडी लिप्यंतर, ध्वनिमुद्रणांचे लेखन, भाषांतर ही कामे मात्र खरी आणि वेळखाऊ आहेत. ती कोणत्या शीर्षाखाली येतात हे स्पष्ट लिहून त्यांचा पूर्ण मोबदला मागावा. तरुण मुलांकडून ही कामे फुकट करून घेण्याची आपल्याकडची सवय मला अजिबात मान्य नाही.

संमती आणि भाषा

माणसांशी बोलून होणाऱ्या संशोधनात संमतीविषयी एक परिच्छेद पुरत नाही. आपल्या उदाहरणात मुकादमासमोर घेतलेली मुलाखत निरुपयोगी असते आणि बोलणाऱ्याला धोक्याचीही असते. मग मुलाखत कोठे घेणार, नावे कशी झाकणार, मुकादमाने विचारले तर काय सांगणार, ध्वनिमुद्रण कोणाकडे राहणार, हे लिहावे. संमतीपत्र मराठीत, लहान वाक्यांत असावे आणि ते वाचून दाखवले जाईल असे नमूद करावे. संस्थेत नीतिमत्ता समिती असेल तर तिची मान्यता आधीच मागून ठेवावी.

आयसीएसएसआरला प्रस्ताव इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो. माझा सल्ला असा की प्रश्न, पद्धत आणि अपेक्षित निष्पत्ती ही तीन पाने आधी मराठीत लिहावीत आणि त्यांत गोंधळ उरला नाही याची खात्री झाल्यावरच भाषांतराला हात घालावा. इंग्रजीच्या धास्तीने आपण उसन्या संज्ञांचा आडोसा घेतो आणि मूळ विचार झाकला जातो. उचल, कोयता, मुकादम, कोपी हे शब्द इंग्रजी प्रस्तावातही तसेच ठेवून पहिल्यांदा आले की त्यांचा अर्थ सांगावा. उचल म्हणजे केवळ आगाऊ रक्कम नव्हे, हे सांगणे हाच अनेकदा संशोधनाचा आरंभ असतो.

दुसऱ्याचा मजकूर उचलू नये हे वेगळे सांगण्याची गरज नाही, पण स्वतःच्या जुन्या लेखांतील परिच्छेदही जसेच्या तसे घेऊ नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी मजकुराच्या साम्याला दहा टक्क्यांची मर्यादा रूढ केली आहे आणि साम्य तपासणारे सॉफ्टवेअर लेखक तोच आहे की दुसरा, हे पाहत नाही.

महाविद्यालयाचे कार्यालय

अनुदान व्यक्तीच्या नावाने मंजूर होत असले तरी पैसा संस्थेकडे येतो. त्यामुळे संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २(फ) (मान्यताप्राप्त संस्था) आणि १२(ब) (केंद्रीय अनुदानास पात्र संस्था) यादीत आहे का, ती पीएफएमएस या केंद्र शासनाच्या निधी-वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदलेली आहे का, प्राचार्यांचे अग्रेषण पत्र आणि हमीपत्र शिक्क्यासह किती दिवसांत मिळेल, हे अर्जाआधी महिनाभर विचारून ठेवावे. लेखापालांना सुरुवातीलाच भेटून प्रकल्प समजावून सांगावा. मी माझ्या एका प्रकल्पात हे केले नव्हते. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), जे केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांतील जीएफआर १२-अ नमुन्यात द्यावे लागते, ते कार्यालयात तयार होण्यास इतका उशीर झाला की दुसरा हप्ता तोडणीचा हंगाम संपल्यावर आला, आणि तळांवरच्या मुलाखतींसाठी मला आणखी एक वर्ष थांबावे लागले. त्यानंतर मी प्रत्येक बिलाची प्रत त्याच आठवड्यात शीर्षानुसार लावून ठेवू लागलो. अनुदानाच्या रकमेवर बँकेत जमा झालेले व्याज आपले नसते, ते हिशेबात दाखवून परत करावे लागते, हेही लेखापालांच्या कानावर घालावे. शेवटचा हप्ता अंतिम अहवाल स्वीकारल्यावर मिळतो, त्यामुळे अखेरच्या महिन्यांतील कर्मचाऱ्यांचे मानधन आधीच्या हप्त्यांतून राखून ठेवावे.

अर्ज मुदतीच्या निदान चार दिवस आधी ऑनलाइन भरावा. प्राथमिक छाननीत प्रस्ताव टिकला तर तज्ज्ञ समितीपुढे सादरीकरण होते. तेथे सैद्धांतिक बाजूइतकेच 'हेच तालुके का', 'एवढाच नमुना का', 'मुकादम बोलले नाहीत तर काय' असे प्रश्न येतात, आणि ज्याने अंदाजपत्रक स्वतः मांडले आहे त्याला त्यांची उत्तरे पाठ करावी लागत नाहीत.

प्रस्ताव नाकारला गेला तर कारण कळेलच असे नाही. तेव्हा तो आपल्या विषयाबाहेरच्या एखाद्या जाणत्या सहकाऱ्याला वाचायला द्यावा आणि वाचून झाल्यावर फक्त एवढेच विचारावे की या संशोधनातून काय शोधायचे आहे असे तुम्हाला वाटले. त्याचे उत्तर आपल्या प्रश्नाशी जुळले नाही, तर दुरुस्ती पहिल्या पानापासून करावी. जुळले, तर वेळापत्रक आणि अंदाजपत्रक पुन्हा तपासावे, मधल्या पावसाळ्यात स्वतःच्या खर्चाने दोन गावांत जाऊन दहा-बारा घरी बोलून यावे आणि त्यातून हाती आलेले दोन परिच्छेद पुढच्या अर्जात प्राथमिक निरीक्षणे म्हणून घालावेत.