वर्षानुवर्षे उभी असलेली मोटारसायकल चालू करताना या चुका टाळा

अडगळीतली गाडी बाहेर काढून धूळ झटकली, किल्ली सापडली आणि दिवा लागला नाही तरी चालेल म्हणत आपण पहिला पाय किकवर ठेवतो. नेमकी तीच पहिली चूक असते. रोज धावणाऱ्या गाडीची दुखणी बहुधा झिजेची असतात, तर उभ्या गाडीची दुखणी गंजाची, सुकलेल्या रबराची, आटलेल्या पेट्रोलची आणि उंदरांची असतात. वडिलांची १९९६ सालची हिरो होंडा सीडी १०० आमच्या रत्नागिरीकडच्या घराच्या पडवीत बारा पावसाळे उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणताना खाली लिहिलेल्यांपैकी निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत.

हत्यारांना हात लावण्यापूर्वी कागद पाहावेत. गाडी घरची नसेल, आणि विकणारा 'आरसी हरवली आहे, पण मिळून जाईल' असे म्हणत असेल, तर आधी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर क्रमांकाची नोंद पाहावी आणि चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष ताडून घ्यावेत. खासगी दुचाकीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मधील केंद्राच्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीसाठी नूतनीकरणाचे शुल्क २,००० रुपये आहे. विलंब शुल्क, पर्यावरण कर आणि विमा यांचा खर्च त्याशिवाय येतो. याच संदर्भात रंगकामातली एक चूक महागात पडते. हँडलखालच्या नळीवर ठोकलेला चासी क्रमांक पॉलिशपेपरने घासला किंवा रंगाच्या जाड थराखाली बुजवला, तर तपासणीच्या वेळी निरीक्षकाला तो वाचता येत नाही आणि आपल्याच गाडीची ओळख आपल्यालाच पटवून देत बसावे लागते.

आता किककडे वळू. दमट हवेत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजून चिकटतात. अशा वेळी किकवर उभे राहून वजन टाकले, तर रिंग तुटते किंवा किकच्या गिअरचे दात उडतात, आणि जे काम तेलावर भागले असते ते बोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्यावर, जाते. इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती ब्रशने आणि हवेने साफ करावी, कारण प्लग निघताक्षणी ती सरळ आत पडते. मग डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगमध्ये वापरतात ते लाल तेल समप्रमाणात मिसळून प्लगच्या छिद्रातून थोडे ओतावे आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. सीडी १०० किंवा स्प्लेंडरच्या जातीच्या गाड्यांत सिलिंडर पुढच्या बाजूला जवळजवळ आडवा असतो, ही गोष्ट मला उशिरा सुचली. मी ओतलेले तेल सिलिंडरच्या खालच्या भिंतीवर साचून राहिले आणि वरची बाजू कोरडीच होती. शेवटी पुढचे चाक जोत्यावर चढवून गाडी उभी केली, तेव्हा कुठे तेल पिस्टनच्या डोक्यावर सगळीकडे टेकले.

त्यानंतरही किक मारायची नाही. प्लग बाहेरच ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक दोन्ही हातांनी हलके मागे-पुढे करावे. सुरुवातीला केसभर सरकल्यासारखे वाटते, आणि मग एका क्षणी सिलिंडरमधून 'फस्स' असा आवाज येऊन चाक मोकळे फिरते. प्लगच्या छिद्रावर आधी चिंधी ठेवावी, नाहीतर काळे तेल तोंडावर येते. हा सल्ला अनुभवाचा आहे.

मोकळे झालेले इंजिन जुन्याच तेलावर चालू करणे ही पुढची चूक आहे. त्या तेलात वर्षानुवर्षांचा ओलावा असतो, शिवाय रिंगांतून झिरपलेले डिझेलही आता त्यात उतरलेले असते. तेल काढून टाकावे, उजवे झाकण उघडून जाळी आणि तेल घुसळून गाळणारी गोल वाटी साफ करावी, आणि नवे तेल भरावे; ते साधारण ९०० मिलिलिटर लागते. इंजिनाच्या डोक्यावरची टॅपेटची दोन्ही झाकणे उघडून तिथेही थोडे तेल सोडावे, कारण पंपाने तेल वर पोहोचवेपर्यंत व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅम, कोरडाच फिरत असतो. पहिले तेल दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून पुन्हा बदलावे. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

टाकीच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त घाई करतात. जुन्या पेट्रोलवर नवे पेट्रोल ओतले, तर तळाचा चिकटा आणि गंज सुटून थेट कार्बोरेटरमध्ये उतरतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर ठेवली की आतला गंज वाढतो. सफाईसाठी संडास धुण्याचे ॲसिड वापरू नये. ते गंजाबरोबर पत्राही खाते. किराणा दुकानातले लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढून भोक बंद करून, टाकी रात्रभर भरून ठेवावी, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवावी आणि आतून तेल फिरवावे. 'वाळेल सकाळपर्यंत' म्हणून मी धुतलेली टाकी तशीच ठेवली होती, आणि सकाळी आत नारिंगी गंजाचा ताजा थर चढला होता.

कार्बोरेटर साफ करताना पायलट जेटच्या, म्हणजे मंद वेगात पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या, छिद्रात टाचणी किंवा ब्रेकच्या केबलची तार घालू नये. छिद्र जराही मोठे झाले, की पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. स्प्रे आणि हवेचा दाब पुरेसा असतो. गाडी चोकवर चालू राहते आणि चोक बंद करताच मरते, तर पायलट जेट अजून तुंबलेले आहे असे समजावे. उलट रेस सोडल्यावरही इंजिन चढेच राहत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडातून हवा शिरत आहे. आरएक्स १०० किंवा येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत हीच लक्षणे क्रँकचे ऑइल सील सुकल्यामुळेही दिसतात. तशीच गाडी पळवली, तर पिस्टन जाम होतो.

ठिणगी येत नसेल, तर लगेच सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलायला धावू नये. आमच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घर होते आणि त्याने शेजारची वायरिंग कुरतडून ठेवली होती. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते ते वेगळेच. ताजा रंग दिलेल्या गाडीत तर आधी अर्थिंग तपासावे. चासी नव्याने रंगवताना अर्थच्या वायरीखालची जागाही रंगली, की प्रवाहाला परतीचा रस्ता उरत नाही. म्हणूनच इंजिन चालू होईपर्यंत रंगाचा विचार करू नये, असे माझे ठाम मत आहे.

इंजिन लागले म्हणजे गाडी झाली असेही नाही. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर क्लच दाबून गिअर टाकताच गाडी उडी मारते. इंजिन बंद असताना क्लच दाबून, गिअर टाकून गाडी मागे-पुढे रेटून पाहावी, आणि न सुटल्यास झाकण उघडावे. ब्रेक लायनर पट्टीपासून सुटलेले असू शकतात, मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश गंजलेले असू शकतात. टायरवर चार अंकी खूण असते. '२३१२' असेल तर तो २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि नक्षी कितीही शाबूत असली तरी तो टाकून द्यावा.

पहिल्या फेरीत माझी गाडी तीन किलोमीटरवर बंद पडली, थोड्या वेळाने चालू झाली, पुन्हा बंद पडली. मी रस्त्याच्या कडेला प्लग काढला, कार्बोरेटरचा तळ उघडला, काहीच सापडले नाही. शेवटी पेट्रोल किती आहे ते पाहायला टाकीचे झाकण फिरवले, तर आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला. झाकणातले हवेचे बारीक छिद्र टाकी धुताना निघालेल्या गंजाच्या लगद्याने बुजले होते. टाकी पाच वेळा धुतली होती, झाकण एकदाही नाही.