किल्ल्यावरची चित्रं कपाटात मांडण्याआधी

दिवाळी संपते, किल्ला मोडतो आणि चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. पुढच्या वर्षी खोकं उघडावं तर भालदाराचा हात निखळलेला, घोड्याचा पाय तळाशी पडलेला, गवळणीच्या पदराचा रंग कागदाला चिकटलेला. खरं तर हे मावळे, वासुदेव, तोफा, सिंहासनावरचे महाराज वर्षभर काचेच्या कपाटात डोळ्यांसमोर राहू शकतात. आमच्या ठाण्याच्या घरात तीन पिढ्यांची मिळून दोनशेच्या वर चित्रं आहेत. थोडी भाजलेल्या मातीची, बाकी सगळी प्लास्टर ऑफ पॅरिसची. पुढे लिहिलंय ते मुख्यतः प्लास्टरच्या चित्रांसाठी.

कपाट आतल्या भिंतीला लावा. पावसात ओल धरणारी बाहेरची भिंत नको, पश्चिमेची खिडकी समोर नको. दार नीट बसणारं हवं, फटीला रबरी पट्टी लावा. एलईडी लावायचा असेल तर त्याचा तापणारा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी डबी, कपाटाबाहेर ठेवा. एवढं पुरे.

किल्ल्यावरून चित्रं उतरवताना बुडाला धरून उचला, हाताला किंवा भाल्याला धरून नाही. माती लगेच खरवडू नका. वाळली की मऊ ब्रशने आपोआप सुटते. ओलं फडकं कधीही लावू नका. बहुतेक चित्रांवरचा रंग पाण्यात कालवलेला असतो, एका पुसण्यात मावळ्याच्या मिशा जातात.

आता वाळवणं. सगळं बिघडतं ते इथेच, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

प्लास्टर घट्ट झालं की त्याचं जिप्सम होतं. फळ्यावरचा खडूही त्याच जातीचा. खडू पाणी कसं पितो ते आठवा. आपण किल्ल्यावर अळीव पेरतो, दिवसातून दोनदा पाणी शिंपडतो आणि त्या ओल्या मातीत ही चित्रं आठ-दहा दिवस उभी करतो. बुडातून पाणी वर चढत राहतं आणि सोबत मातीतले क्षारही चढतात. वरून रंग कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, आत मात्र चित्र भिजलेलं असतं.

मी एका वर्षी चार दिवस वाळवून सगळी चित्रं कपाटात मांडली आणि दार घट्ट लावलं. डिसेंबरात काचेला आतून दमटपणा, कुबट वास, महाराजांच्या सिंहासनामागे काळी बुरशी. दोन घोडेस्वारांच्या पायांत आतून घातलेली लोखंडी तार गंजली, फुगली आणि तिने प्लास्टर फोडलं. त्यातला एक माझ्या आजोबांनी आणलेला होता. तो परत जोडला, पण तडा दिसतोच.

तेव्हापासून मी हातावर विश्वास ठेवत नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवते. प्रत्येक आकाराचं एक चित्र निवडा, उतरवल्या दिवशी तोला, तारीख घालून लिहून ठेवा आणि रोज त्याच वेळी तोला. माझा एक सहा इंची मावळा पहिल्या दिवशी 212 ग्रॅम भरला, 16 दिवसांनी 187वर आला आणि तिथे थांबला. सलग तीन दिवस वजन हललं नाही की चित्र वाळलं. त्याआधी नाही, मग पाहुणे येणार असोत की कपाट रिकामं दिसत असो.

वाळवायचं सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात, जाळीवर आडवं ठेवून, म्हणजे बूडही मोकळं राहतं. उन्हात ठेवू नका. पृष्ठभाग झटकन सुकतो, क्षार रंगाच्या खाली साचतात आणि पोपडे उडतात. ओव्हन किंवा हेअर ड्रायर तर मुळीच नको, कारण जास्त उष्णतेने जिप्समच्या कणांत बांधलेलं पाणीच निघून जातं आणि चित्र भुसभुशीत होतं. तांदळात पुरायचं तर तांदळाची पूड नक्षीत बसते आणि मागोमाग किडे येतात. वाळताना बुडाशी पांढरी लव आली तर ती क्षारांची. कोरड्या ब्रशने झटका. पाण्याने पुसलीत तर क्षार पुन्हा आत जातील.

आणि वरून वार्निश मारू नका. ‘रंग पक्का होतो’ म्हणून हे सर्रास सांगितलं जातं. आत जरा जरी ओल राहिली तरी वार्निशचा पापुद्रा फुगतो आणि निघताना रंग सोबत घेऊन जातो. ओल नसली तरी काही वर्षांत पांढरे अंगरखे पिवळे पडतात.

मांडणी तुमच्या मनाने करा. फक्त उंच चित्रं मागे, आणि दोन चित्रांत बोटभर अंतर.

पावसाळ्यासाठी कपाटात छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, हवा. नवीन आणला की आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओल्या वाळूसारखं करा, हायग्रोमीटरबरोबर झिपच्या पिशवीत आठ तास बंद ठेवा. आकडा 75च्या आसपास यायला हवा. 70 दाखवला तर तुमचं यंत्र पाच कमी सांगतं, ते लक्षात ठेवा. कपाटातली आर्द्रता 45 ते 55 टक्के असावी. 65च्या वर रेंगाळली की बुरशीची भीती.

‘हवा खेळती राहू दे’ म्हणून जुलैत दार उघडं ठेवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ती खेळती हवाच ओली असते. दार बंद ठेवा आणि आत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे. माझ्या तीन फूट उंच, दोन फूट रुंद, फूटभर खोल कपाटाला एक किलो लागतं. केशरी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं, लहान मुलांच्या घरात ते नको. केशरी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये 120 अंशावर दोन-तीन तास तापवा. ओव्हन नसेल तर जुन्या कढईत मंद आचेवर, पण ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका.

शेजारच्या कप्प्यात प्लास्टिकची चित्रं किंवा मुलांची छोटी मॉडेल्स असतील तर डांबरगोळ्या आणि कापूर दोन्ही टाळा. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक आणि रंग मऊ होऊन चिकट होतात.

पुढच्या दिवाळीत किल्ल्यावर मांडण्याआधी प्रत्येक चित्राच्या कोरड्या बुडाला मेणबत्तीचं वितळलेलं मेण ब्रशने लावा आणि खाली फरशीचा छोटा तुकडा ठेवून वरून माती भुरभुरवा. गेल्या वर्षी असं केल्यावर माझी चित्रं सहा दिवसांत वाळली. पाणी शिंपडणाऱ्या मुलांना मात्र अळिवाच्या बाजूलाच शिंपडायला सांगा.