नातवंड येणार आहे: आजीने काय करायचं आणि कधी

माझी लेक बाळंतपणाला कोथरूडला आली तेव्हा मी दोन जुन्या नऊवारी फाडून ठेवल्या होत्या, दोन किलो डिंक आणला होता, पाळण्याची कडी माणूस बोलावून तपासून घेतली होती. तिच्याबरोबर दवाखान्यात गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही डांग्या खोकल्याची लस घेतलीत ना?" मी गप्प. हा क्रम त्या दिवसानंतर लिहून ठेवलाय. पुढच्या आजीने माझ्यासारखं डिंकापासून सुरू करू नये.

सातवा-आठवा महिना

सुरुवात स्वतःपासून करा. डांग्या खोकला मोठ्यांना नुसता खोकला वाटतो, तान्ह्या बाळाच्या मात्र जिवावर बेतू शकतो. बाळाला या खोकल्याची पहिली लस ते दीड महिन्याचं झाल्यावर मिळते. तोवर त्याच्याजवळ वावरणाऱ्यांनी आपली टीडॅप, म्हणजे मोठ्यांची डांग्या खोकल्याची लस, घेतलेली बरी, बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी. आजोबांनाही न्या. फ्लूच्या लशीचंही डॉक्टरांना त्याच वेळी विचारा.

मग कपडे. लंगोट आणि दुपटी जुन्या सुती पातळाचीच करावीत. नवं कापड बाळाला टोचतं आणि पाणीही नीट शोषत नाही. एका नऊवारीतून तीन दुहेरी दुपटी आणि उरलेल्यात सात-आठ लंगोट निघतात. कापड उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. बाळ आषाढ-श्रावणात येणार असेल तर लंगोट मोजून दुप्पट करा, कारण पुण्याच्या पावसाळ्यात गॅलरीतला लंगोट दोन-दोन दिवस दमट राहतो. मग इस्त्रीच करत बसावं लागतं. झबली, टोपडी, कुंची यांसाठी तुळशीबाग आहेच, पण शनिवार-रविवार टाळा आणि सगळं एकाच मापाचं घेऊ नका. पहिल्या महिन्याचं झबलं दुसऱ्या महिन्यात गळ्यातून जात नाही.

दवाखान्याचा रस्ताही आधीच ठरवून ठेवा. तारीख अनंत चतुर्दशीच्या आसपास असेल आणि तुम्ही पेठांत राहत असाल तर हे फारच महत्त्वाचं. त्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता मिरवणुकीत असतात आणि गाडी निघत नाही. आम्ही लेकीला दोन दिवस आधी सिंहगड रस्त्याला बहिणीकडे हलवलं होतं. 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा.

बाळ झालं त्या दिवशी

पेढे वाटा. मुलगी झाली तर जिलबी किंवा बर्फी, हा भेद आमच्या पिढीतच मिटायला हवा होता. मी नातीचे पेढे वाटले. सोसायटीतल्या एक बाई "अरे वा, मुलगा का?" म्हणाल्या, त्यांना दोन जास्त दिले.

पेढ्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे बाळाला काही चाटवायचं नाही. मध नाही, गुळाचं पाणी नाही, सोन्याचं वळं उगाळून नाही. माझी लेक तान्ही असताना माझ्या सासूबाईंनी तिला मध चाटवला होता आणि तिला काही झालं नाही, हे खरं. पण मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, त्यांनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मध नाहीच. पहिल्या तासात बाळ आईच्या अंगावर घ्यायचं. पहिलं पिवळसर, घट्ट चिकाचं दूध काही घरांत अजून पिळून टाकतात. बाळाला रोगांपासून राखणारं सगळ्यात जास्त त्यातच असतं.

"दूध कमी पडतंय" हे वाक्य आजीने तोंडातून काढायचं नाही. लेक रडकुंडीला येते. बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं, म्हणजे ते सारखं भुकेलंच वाटणार. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील तर पोट भरतंय असं समजा. पहिल्या आठवड्यात वजन थोडं घटतं, तेही साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. लंगोट कमी ओले होत असतील, किंवा डोळे-अंग पिवळं दिसत असेल, तर मात्र उन्हात धरत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरी आल्यावर

इथे आजीचं खरं काम सुरू होतं, आणि ते बाळाचं नाही, बाळंतिणीचं आहे. बाळाला घ्यायला दहा जण येतात. लेकीच्या पुढ्यात गरम ताट आणि हाताशी पाण्याचा तांब्या ठेवायला कुणी येत नाही. बाळंतिणीने पाणी पिऊ नये ही जुनी समजूत सोडा, अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागतेच.

लाडू दोन तऱ्हेचे. अळिवाचे आधी: 50 ग्रॅम अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवा, मोठ्या नारळाचा चव आणि साधारण पाव किलो गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परता, वर जायफळ. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतात, म्हणून थोडेच करा, आणि बाळंतपणानंतरच करा. डिंकाचे टिकाऊ. डिंकाला आधी ऊन दाखवा, मग भरपूर तुपात चिमटी-चिमटीने तळा. लाहीसारखा फुलला पाहिजे. आत कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. खारीक, खोबरं, खसखस, गूळ नेहमीप्रमाणे. दोन किलो डिंक आणू नका, पाव किलो पुष्कळ होतो.

मालिशवाल्या मावशी आधीच ठरवा आणि पहिल्या दिवशी शेजारी बसा. नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या, हात धुतलेले. नाकाकानात तेल नाही, बाळाला पायाला धरून उलटं करायचं नाही. नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्यायचं, बेंबीवर काही लावायचं नाही. धुरी आणि काजळ मी बंद ठेवलं. शेजारच्या आजींना ते पटलं नाही. असो.

झोपवताना पाठीवर, उशी नाही.

बारसं

बारावा दिवस किंवा सोयीने सव्वा महिना. हरभरे आदल्या रात्री भिजवा, घुगऱ्यांशिवाय बारसं नाही. पाळण्याखालून-वरून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं की आत्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि पाठीत धपाटे खाते. ती मुंबईहून येणार असेल तर तारीख तिला विचारून ठरवा. पाहुणे कमी, खोकणारे तर नकोतच. पापे घेणाऱ्यांना पायाला हात लावायला सांगा.

नाव ठरलं की कागद. जन्माची नोंद दवाखाना महापालिकेला कळवतो, पण त्यावर नाव नसतं. ते बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येतं. आईवडिलांच्या नावांची अक्षरं आधारशी जुळवून बघा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो, त्यातली एक वेलांटी पुढे फार छळते.

आणि लशीचं कार्ड. बीसीजी, कावीळ-ब, पोलिओ दवाखान्यातच झालेले असतात, पुढची फेरी दीड महिन्याला. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी दंडावर पुटकुळी येते. शेकू नका, फोडू नका, ती यायचीच असते. कार्ड लेकीच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. ती तिसऱ्या महिन्यात सासरी निघाली की गडबडीत आधी तेच तुमच्या कपाटात राहतं.